अमेरिकन एजंटचं सीई आणि लायसन्स रिन्यूअल : पुण्यात लायसन्सिंग डेस्कवर बसणाऱ्यांसाठी

खराडी, मगरपट्टा, हिंजवडी इथे अमेरिकन इन्शुरन्स एजन्सींचं बॅक ऑफिसचं काम करणारी पोरं-पोरी भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना क्लेम किंवा पॉलिसी चेकिंगवरून अचानक उचलून लायसन्सिंगच्या डेस्कवर टाकतात. ट्रेनिंग म्हणून काय, तर एक पीपीटी आणि दोन दिवस शेजारी बसून बघणं. मग पहिल्या महिनाअखेरीला तिकडच्या प्रोड्यूसरचा (म्हणजे विमा विकणाऱ्याचा) मेल येतो की माझं लायसन्स एक्स्पायर होतंय, सीई (लायसन्ससाठी लागणारे कोर्स) झालंय का बघ, आणि इकडे धांदल. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच चार-पाच ठिकाणी अडकतो असं बघितलंय.

आधी थोडक्यात पाया. अमेरिकेत इन्शुरन्सवर केंद्राचा नाही, राज्यांचा कंट्रोल असतो, १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून ते तसंच पक्कं झालंय. म्हणजे आपल्याकडे कसं एक आयआरडीएआय आहे आणि विषय संपला, तसं तिकडे नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं इन्शुरन्स खातं, वेगळी फी, वेगळी मुदत. एजंट असो की ब्रोकर, विकणारा तो प्रोड्यूसर, आणि ज्या राज्यात विकायचं त्या राज्याचं लायसन्स त्याच्याकडे हवं. या सगळ्या राज्यांच्या कमिशनरांची मिळून एक संघटना आहे, एनएआयसी, ती मॉडेल (नमुना) नियम बनवते आणि राज्यं ते कमीजास्त फरकानं उचलतात. हा 'कमीजास्त फरक' म्हणजेच आपली नोकरी आहे, तो नसता तर हे काम एखाद्या सॉफ्टवेअरनं कधीच खाल्लं असतं.

सीई म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन, लायसन्स चालू ठेवायचं तर ठराविक काळात ठराविक तासांचे कोर्स करणं. आपल्याकडे २०१६च्या आधी विमा एजंटचं लायसन्स दर तीन वर्षांनी रिन्यू व्हायचं आणि त्यासाठी २५ तासांचं ट्रेनिंग लागायचं, ज्यांच्या घरात कुणी जुने एलआयसी एजंट आहेत त्यांना आठवत असेल. २०१६च्या नियमांनंतर एजंटची नेमणूक कंपनीच करते आणि ती दर तीन वर्षांनी रिन्यूअलची भानगड गेली. त्यामुळे आपल्या घरच्या अनुभवावरून तिकडचा अंदाज बांधायला जाऊ नका, तिकडे हे प्रकरण अजून पूर्ण जोरात आहे.

आता आकडे. सगळ्यात जास्त दिसणारा हिशोब म्हणजे दर दोन वर्षांनी २४ तास, आणि त्यातले ३ तास एथिक्सचे. टेक्सस, कॅलिफोर्निया, ओहायो, जॉर्जिया, इलिनॉय, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही सगळी याच साच्यातली. हे पाठ झालं की नवीन माणसाला वाटतं आलं आपल्याला सगळं, आणि तिथेच घोळ सुरू होतो. कारण न्यूयॉर्कला दोन वर्षांत १५च क्रेडिट (म्हणजे सीईचे तास) लागतात. अ‍ॅरिझोनाचं लायसन्स चार वर्षांचं, म्हणून ४८ तास, त्यात एथिक्स ६. मॅसॅच्युसेट्समधे तीन वर्षांची टर्म, पहिल्या टर्मला ६० आणि त्यानंतर दर टर्मला ४५. फ्लोरिडाचं तर आणखीनच वेगळं, तिथे अपॉइंटमेंट (विमा कंपनीनं त्याला आपला एजंट म्हणून केलेली नेमणूक) चालू असेल तोवर लायसन्सही चालू, नेहमीचा रिन्यूअलचा फॉर्म आणि फी असा प्रकारच नाही, पण सीई मात्र दर दोन वर्षांनी जन्ममहिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत झालंच पाहिजे आणि त्यात लॉ अँड एथिक्सचा एक ठराविक अपडेट कोर्स असतो, तो लायसन्सच्या प्रकाराप्रमाणे वेगळा. नवीन मुलं फ्लोरिडाच्या प्रोड्यूसरची रिन्यूअल डेट शोधत बसतात, सापडत नाही म्हणून ट्रॅकरमधे (सगळ्यांच्या तारखा ठेवायच्या आपल्या शीटमधे) ती ओळ रिकामी सोडतात, आणि मग सीई राहून जातं. असं करू नका, फ्लोरिडासाठी रिन्यूअल डेटच्या जागी सीई ड्यू डेट टाका.

आणखी एक, तास म्हणजे घड्याळाचा तास नाही. साधारण ५० मिनिटांचा एक क्रेडिट तास धरतात, म्हणजे २४ क्रेडिट म्हणजे खरे २० तास. हे उपयोगी कुठे पडतं, तर प्रोड्यूसर विचारतो की किती वेळ जाईल, तेव्हा त्याला खरा आकडा सांगता येतो. सेल्फ स्टडीच्या कोर्सला तर बसण्याचे तास मोजतच नाहीत, मजकुरातले शब्द मोजतात, मिनिटाला १८० शब्द या वेगानं, आणि कोर्स अवघड असेल तर वर थोडा गुणक लावतात. म्हणून कधी कधी हुशार माणूस सहा क्रेडिटचा कोर्स तीन तासांत उरकतो आणि त्यात चोरी काही नसते.

सगळ्यात पहिला प्रश्न : रेसिडेंट स्टेट कोणतं?

प्रोड्यूसरची फाइल उघडली की आधी हे बघा, बाकी सगळं नंतर. समजा एक जण डॅलसमधे राहतो आणि त्याच्याकडे टेक्सससकट बारा राज्यांची लायसन्स आहेत. नवीन माणूस काय करतो, बारा राज्यांचे सीईचे नियम काढतो आणि बेरीज करायला लागतो, २८८ तास वगैरे काहीतरी येतं आणि घाम फुटतो. तसं नसतं. टेक्सस त्याचं रेसिडेंट स्टेट, बाकी अकरा नॉन-रेसिडेंट. टेक्ससचं सीई व्यवस्थित पूर्ण असेल तर बाकीची राज्यं ते मान्य करतात, वेगळे तास मागत नाहीत. पीयूसी पुण्यात काढली तरी गोव्यात चालते ना, तसंच हे. पण रिन्यूअलचा अर्ज आणि फी मात्र बाराही राज्यांना वेगळी, तारखा वेगळ्या, आणि टेक्ससचं लायसन्सच गेलं तर बाकीची अकरा एकामागोमाग कोसळायला लागतात, कारण ती सगळी रेसिडेंट लायसन्सच्या जिवावर उभी असतात. म्हणून रेसिडेंट राज्याची ओळ ट्रॅकरमधे वेगळ्या रंगात ठेवा आणि तिच्याकडे रोज बघा, नॉन-रेसिडेंटकडे आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालतं.

याला अपवाद आहेत आणि तेच नेमके विसरले जातात. काही प्रॉडक्ट विकायला वेगळं ट्रेनिंग लागतं, ते या २४ तासांच्या हिशोबाबाहेरची अट म्हणून बघायचं. अ‍ॅन्युइटी (पेन्शनसारखी नियमित रक्कम देणारी पॉलिसी) विकायची तर बहुतेक राज्यांत ४ तासांचा एक कोर्स एकदाच करावा लागतो, आणि २०२०मधे एनएआयसीनं त्या नियमात बेस्ट इंटरेस्टची (ग्राहकाचं हित आधी बघायची) सुधारणा केल्यानंतर, ज्यांनी जुना कोर्स केला होता त्यांना एक तासाचा वरचा कोर्स किंवा नवीन ४ तासांचा पूर्ण कोर्स करावा लागला. कॅलिफोर्नियात मात्र अ‍ॅन्युइटीला आधी ८ तास आणि पुढे दर रिन्यूअलला ४. लाँग टर्म केअर पार्टनरशिप पॉलिसीला (दीर्घकाळ लागणाऱ्या देखभालीचा विमा) साधारण आधी ८ आणि मग दर २४ महिन्यांनी ४. सरकारी फ्लड प्रोग्रॅमच्या पॉलिसी विकणाऱ्याला ३ तासांचा फ्लडचा कोर्स एकदा. या कोर्सचे तास बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या २४ मधेही धरले जातात, पण उलट होत नाही, म्हणजे २४ पूर्ण आहेत म्हणून अ‍ॅन्युइटीची अट पूर्ण झाली असं नाही. लायसन्स ठणठणीत चालू असतं आणि तरी कंपनी अ‍ॅन्युइटीचा अर्ज परत पाठवते, तेव्हा कारण बहुतेक हेच असतं.

प्रोड्यूसरनं घर बदललं, म्हणजे राज्यच बदललं, तर वेगळीच कथा. मॉडेल नियमात पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं आणि नवीन राज्यात रेसिडेंट लायसन्सचा अर्ज ९० दिवसांत करायचा असं आहे. अमेरिकन लोक सहज राज्य बदलतात, आपल्यासारखं कोथरूडवरून वाकडला जायचं तरी घरात तीन महिने चर्चा असं त्यांचं नसतं, आणि ते आपल्याला सांगतही नाहीत. मेलच्या खाली सहीतला फोन नंबर किंवा पत्ता बदललेला दिसला तर सरळ विचारा.

ट्रान्सक्रिप्ट कसं वाचायचं

हा खरा कामाचा भाग आहे. प्रोड्यूसर मेलवर सर्टिफिकेटं पाठवतो आणि म्हणतो झालं माझं. सर्टिफिकेट हा त्याचा पुरावा, राज्य मात्र स्वतःच्या सिस्टिममधे जे पोस्ट झालंय तेच धरतं. कोर्स घेणारी संस्था, म्हणजे प्रोव्हायडर, राज्याला कळवते आणि मग ते तास ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, काही राज्यांचं एसबीएस या ऑनलाइन सिस्टिमवर, काहींचं सरकॉनवर. यात काही दिवस जातात, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी क्रेडिटमागे थोडी फीसुद्धा असते आणि ती भरली गेली नाही तर तास तिथेच अडकून राहतात. म्हणून ट्रॅकरमधे 'सीई पूर्ण' असा एकच रकाना ठेवणारा माणूस गोत्यात येणार हे ठरलेलं. दोन रकाने हवेत, केल्याची तारीख आणि पोस्ट झाल्याची तारीख, आणि दुसरा रकाना भरल्याशिवाय त्या ओळीला हिरवा रंग द्यायचा नाही, मग मॅनेजर कितीही मागे लागू दे.

एक उदाहरण घेऊ. वरचाच डॅलसवाला, त्यानं २६ तासांची सर्टिफिकेटं पाठवलीत, लागतात २४, म्हणजे वरवर बघता दोन जास्तच. आता एकेक ओळ बघा. एक चार तासांचा कोर्स आहे, त्याची पूर्ण केल्याची तारीख मागच्या रिन्यूअलच्या दोन दिवस आधीची. म्हणजे तो मागच्या टर्ममधला, तिथेच खर्ची पडला. राहिले २२. मग एक चार तासांचा कोर्स दोनदा दिसतो, नाव किंचित वेगळं, पण कोर्स नंबर तोच. एका टर्ममधे तोच कोर्स दोनदा केला तर दुसऱ्यांदा क्रेडिट नाही. राहिले १८. आणि एथिक्सच्या रकान्यात २ तास, पाहिजेत ३. म्हणजे दोन तास जास्त वाटणारा माणूस प्रत्यक्षात सहा तासांनी कमी आहे, आणि त्या सहात किमान एक एथिक्सचा हवा. टेक्ससमधे मुदतीत न झालेल्या प्रत्येक तासामागे ५० डॉलर दंड, म्हणजे इथे ३०० डॉलर, आणि दंड भरला म्हणून तास माफ होत नाहीत, ते करावेच लागतात. हे सगळं तुम्हाला पाच मिनिटांत दिसतं, फक्त बेरजेच्या ओळीकडे न बघता वरून खाली एकेक ओळ वाचायची सवय लागली पाहिजे. आणि नाव वाचू नका, नंबर वाचा. कोर्सची नावं सगळी एकसारखीच असतात, एथिक्स फॉर टुडे, एथिक्स टुडे, ट्रस्ट अँड एथिक्स, वाचून वाचून डोळे फिरतात.

नावावरून आठवलं, कोर्सच्या नावात एथिक्स आहे म्हणजे तो एथिक्सच्या रकान्यात जातोच असंही नाही. राज्यानं त्या कोर्सला कोणत्या प्रकारात मान्यता दिलीय ते महत्त्वाचं. एका राज्यात एथिक्स म्हणून मान्य असलेला कोर्स दुसऱ्या राज्यात जनरल असू शकतो किंवा मान्यच नसू शकतो. इलिनॉयला तर एथिक्सचे तीन तास वर्गात बसून किंवा लाइव्ह वेबिनारमधेच करावे लागतात, नुसतं ऑनलाइन वाचून परीक्षा दिली तर चालत नाही. शिकागोच्या प्रोड्यूसरला शेवटच्या आठवड्यात हे सांगायची वेळ आली तर वेबिनारची तारीख शोधता शोधता दोघांचाही जीव मेटाकुटीला येतो, त्यामुळे इलिनॉयवाल्यांना मी तरी दोन महिने आधीच एथिक्सपुरता वेगळा मेल टाकतो.

सूट कुणाला असते तेही तपासा. ट्रॅव्हल किंवा क्रेडिट इन्शुरन्ससारख्या लिमिटेड लाइनवाल्यांना बहुतेक ठिकाणी सीई लागतच नाही. टेक्ससमधे वीस वर्षं सलग लायसन्स असलेल्यांना सवलत आहे, फ्लोरिडात अनुभव जास्त असेल तर तास कमी होतात. लष्करी सेवा किंवा मोठं आजारपण असेल तर मुदत वाढवून मागता येते, पण मागावी लागते, आपोआप मिळत नाही, आणि मुदत संपायच्या आधी मागितलेली बरी.

तारखांचा घोळ

हा खास आपल्या बाजूचा प्रश्न आहे म्हणून वेगळा लिहितो. अमेरिकन लोक महिना आधी लिहितात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी एक्सेल दगा देतं. आपल्या लॅपटॉपचं सेटिंग भारताचं असतं, तिकडून आलेल्या सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फाइलमधे 03/04/2025 असेल तर एक्सेल गुपचूप ती ३ एप्रिल करून टाकतं, खरी तारीख ४ मार्च. पण 03/25/2025 आली तर पंचविसावा महिना नसतो म्हणून ती तारीख म्हणून वाचतच नाही, नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. ओळखायची खूण म्हणजे तारखांचा रकाना बघा, काही तारखा उजवीकडे चिकटल्यात आणि काही डावीकडे असं दिसलं की समजा फाइल बिघडलेली आहे, डावीकडच्या ठीक आहेत आणि उजवीकडच्या सगळ्या संशयित. आमच्या टीममधे म्हणून नियमच केलाय, महिना अक्षरात लिहायचा, मार्च म्हणजे मार्च, आकडा नाही.

दुसरं म्हणजे वेळ. ३१ तारखेला मुदत असेल तर कुठली ३१? न्यूयॉर्कचे रात्रीचे बारा म्हणजे आपले उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्नियाचे बारा म्हणजे दुपारचे साडेबारा किंवा दीड. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे-मागे होतात तेव्हा हा एक तासाचा फरक पडतो. म्हणजे १ तारखेला सकाळी कॅबमधून उतरून तुम्ही अंथरुणावर पडता तेव्हा तिकडे अजून ३१ चालू असते, हे आणीबाणीत कामाला येतं, पण यावर विसंबून प्लॅनिंग करू नका. शेवटच्या दिवशी केलेला कोर्स शेवटच्या दिवशी पोस्ट होईल याची हमी प्रोव्हायडरसुद्धा देत नाही.

सुट्ट्यांचंही बघून ठेवा. गणपतीत अनंत चतुर्दशीला अर्धी टीम रजेवर आणि उरलेली अर्धी रस्ते बंद म्हणून उशिरा, आणि ती नेमकी सप्टेंबरच्या महिनाअखेरीजवळ आली की पंचाईत. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे, तिकडे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग, नंतर डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस तिकडे फोन कुणी उचलत नाही. मी तरी या काळात संपणारी सगळी लायसन्स ऑगस्टमधेच वेगळी काढतो.

पाठपुरावा कधी, कसा

बऱ्याच राज्यांत रिन्यूअलची खिडकी मुदतीच्या साधारण ९० दिवस आधी उघडते. पण सीईचा पाठपुरावा तेव्हा सुरू केला तर उशीर झाला असं समजा. माझ्या मते सहा महिने आधी पहिला मेल, फक्त माहितीचा, किती तास झालेत, किती बाकी, त्यात एथिक्स किती. मग ९० दिवसांवर दुसरा, त्यात नेमके कोणत्या प्रकारचे तास हवेत ते. ४५ दिवसांवर फोन, मेल नाही. मेल वाचत नाहीत हो ते. सेल्सचा माणूस इकडचा असो की तिकडचा, कागदपत्रांचा त्याला कंटाळाच. फोनवर 'तुमचं लायसन्स गेलं तर या तारखेनंतर विकलेल्या पॉलिसीवर कमिशन घेता येणार नाही' एवढं एक वाक्य शांतपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत कोर्स विकत घेतलेला असतो, दुसरं काही बोलायची गरज पडत नाही. आणि ३० दिवस आधी सगळे तास ट्रान्सक्रिप्टवर पोस्ट झालेले दिसले पाहिजेत, ही आपली खरी डेडलाइन, लायसन्सवर छापलेली तारीख नाही.

मग रिन्यूअलचा अर्ज. तो बहुतेक एनआयपीआर या लायसन्सिंगच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातो, प्रोड्यूसरचा एनपीएन (त्याचा देशभरचा ओळख नंबर) टाकला की त्याची लायसन्स पुढे येतात, एकाच वेळी अनेक राज्यांचा अर्ज भरता येतो. एजन्सीनं तुम्हाला अधिकृतपणे अर्ज भरायला नेमलेलं असेल तर तुम्ही तो ऑथराइज्ड सबमिटर म्हणून भरता. पण त्यात बॅकग्राउंडचे प्रश्न असतात, गुन्हा, दुसऱ्या राज्याची कारवाई, दिवाळखोरी, पोटगी थकलेली वगैरे, त्यांची उत्तरं मागच्या अर्जावरून उचलून टाकायची नाहीत. दर वेळी प्रोड्यूसरकडून लेखी घ्या. मधल्या काळात एखाद्या राज्यानं त्याच्यावर कारवाई केली असेल तर तीच मुळात ३० दिवसांत बाकीच्या राज्यांना कळवायची असते, आणि आपण मागच्यासारखं सरसकट 'नाही'वर टिक केलं तर ते खोटं विधान होतं, त्याच्या नावावर.

आता एक नाजूक विषय. कधीतरी एखादा प्रोड्यूसर गोड बोलून विचारतोच की तू ऑनलाइनच असतोस, माझा लॉगिन घे आणि तो कोर्स जरा क्लिक करून संपव ना. नाही म्हणजे नाही. कोर्सच्या शेवटी त्यानं स्वतः केला असं तो जाहीर करतो, काही राज्यांत सेल्फ स्टडीच्या परीक्षेला तिऱ्हाईत माणूस समोर बसून सही देतो. दुसऱ्यानं दिलेली परीक्षा पकडली गेली तर त्याचं लायसन्स जातं, तुमची नोकरी जाते, आणि क्लायंटनं काम काढून घेतलं तर तुमच्या शेजारच्या रांगेतल्या लोकांचीही. लॉगिन कुठून झालं ते सिस्टिममधे दिसतं, आणि डॅलसचा माणूस पहाटे तीनला पुण्यातून एथिक्सचा कोर्स करतोय हे कुणालाही पटणार नाही. यात 'एवढं काय होतंय' म्हणणारा टीम लीड भेटला तर त्याला सांगा मेलवर लिहून दे, तो लिहून देणार नाही. आपण कोर्स शोधून द्यायचा, लिंक द्यायची, आठवण करायची, ट्रान्सक्रिप्ट तपासायचं, कोर्सला हात लावायचा नाही.

मुदत हुकलीच तर लगेच सगळं संपलं असं नाही. एनएआयसीच्या मॉडेलप्रमाणे रिन्यूअलच्या तारखेपासून १२ महिन्यांत परीक्षा न देता लायसन्स पुन्हा चालू करता येतं, फीच्या दुप्पट दंड भरून, आणि राज्यं आपापल्या पद्धतीनं यात बदल करतात, म्हणून त्या राज्याच्या साइटवर आधी बघा. पण या मधल्या दिवसांत त्या माणसानं त्या राज्यात एकही पॉलिसी विकायची नाही, कोटसुद्धा द्यायचा नाही, हे त्याला आणि त्याच्या मॅनेजरला त्याच दिवशी लेखी कळवा, दुसऱ्या दिवशी नाही. नॉन-रेसिडेंट राज्यांची यादीही त्याच मेलमधे जोडा, कोणत्या राज्याची रिन्यूअल पुढच्या ६० दिवसांत येतेय तेवढी तरी. आणि एजन्सीच्या लायसन्सवर जबाबदार प्रोड्यूसर म्हणून याच माणसाचं नाव असेल, त्याला डीआरएलपी म्हणतात, तर प्रकरण एका माणसाचं राहत नाही, एजन्सीचं लायसन्सच लटकतं, तेव्हा हा मेल टीम लीडच्या वर जाऊ द्या.

सगळं नीट पार पडलं तर फाइलमधे या गोष्टी ठेवा : अर्ज गेल्याची पावती, नवीन एक्स्पायरी डेट दिसणारा लायसन्सचा पीडीएफ, आणि पोस्ट झालेल्या तासांचं ट्रान्सक्रिप्ट, त्यावर तारीख दिसेल असं. सोशल सिक्युरिटी नंबर असलेली कुठलीच गोष्ट मेलला जोडू नका, कागदावर तर उतरूच नका, फ्लोअरवर पेन-कागद-मोबाइल बंदी असते ती उगाच नसते. ट्रॅकरमधे पुढच्या टर्मची तारीख लगेच टाका, त्याच बैठकीत, आणि टर्म सुरू झाल्याची तारीखही टाका, कारण पुढच्या वेळी कुठला कोर्स कुठल्या टर्ममधला हे ठरवायला तीच लागणार आहे.